जंगलपूजक, शहरविरोधी पंथ पोकळ वाटतोय. पाया कसा भरावा?

फासेवाला विचारतात:

टेबलटॉप खेळाच्या कॅम्पेनसाठी (बऱ्याच सेशन, म्हणजे बैठका, चालणारी गोष्ट) एक खोरं बांधतोय. नदीच्या मुखाशी २०,००० वस्तीचं तटबंदीचं बंदर, वरच्या अंगाला साधारण ५० किमी लांब आणि ४० किमी रुंद समशीतोष्ण जंगल. त्या जंगलात 'मूळव्रती' नावाचा पंथ राहतो. जुन्या ओक वृक्षांची पूजा करतात. नांगर, धातू आणि लेखन निषिद्ध. शहर मोडून तिथे पुन्हा रान उगवावं, हे त्यांचं ध्येय. लढवय्ये ६,००० धरलेत.

अडचण अशी की हे लोक नुसते हिरवे झगे घातलेले खलनायक वाटतात. खेळाडू दोन प्रश्न विचारतील आणि सगळं कोसळेल. म्हणून नेमकं विचारतो:

१. एवढ्या जंगलात ६,००० लढवय्ये पोसले जातील का?
२. धातूशिवाय ते शहराला त्रास कसा देणार?
३. युद्ध *आत्ताच* का पेटलं, याचं पटेल असं कारण हवं. "शहर झाडं तोडतं" एवढ्याने भागत नाही.

नियम डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीचे, २०१४ चं पुस्तक.

---

रानमोजणी:

पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करा, कारण तिसऱ्याचं उत्तर त्याच्या पोटात आहे.

तुमचं जंगल २,००० चौ. किमी. निव्वळ शिकार आणि कंदमुळांवर जगणाऱ्यांची दाटी साधारणपणे दर चौ. किमीला ०.१ ते १ माणूस असते. म्हणजे २०० ते २,००० माणसं, तीही म्हातारी-पोरं धरून. लढवय्ये फार तर चौथा हिस्सा. तेव्हा शुद्ध शिकारी ठेवलेत तर ५०० च्या वर जाऊ नका. एवढ्यांनी शहर पडत नाही, फक्त रस्ते असुरक्षित होतात.

फिरती शेती दिलीत तर चित्र पालटतं, आणि नांगराची बंदीही पाळली जाते. पाच जणांच्या कुटुंबाला एका वेळी दीड हेक्टर पेरा लागतो असं धरा. तुकडा दोन वर्षं पिकवायचा आणि १५ वर्षं पडीक सोडायचा. १७ वर्षांच्या फेऱ्यात कुटुंबामागे जमीन लागते १.५ × १७ ÷ २, म्हणजे पावणेतेरा हेक्टर. जंगलाचा चौथा भाग शेतीजोगा धरला (उरलेला कडे, दलदल आणि देवराया), तर ५०,००० हेक्टरवर साधारण ३,९०० कुटुंबं बसतात. माणसं १९,५००, लढवय्ये जेमतेम ४,९००. तुमचे ६,००० थोडे जास्त आहेत, पण वेडगळ नाहीत.

आता ते जंगल कसं दिसेल ते बघा. शेतीजोग्या भागातला आठवा हिस्सा कायम पिकाखाली, बाकी सगळं एक ते पंधरा वर्षांच्या वयाचं झुडपी रान. अस्पर्श अरण्य फक्त देवरायांत. खेळाडू पंथाच्या मुलखात शिरतील तेव्हा त्यांना आधी जळके बुंधे आणि राख दिसू द्या. "हे तर स्वतःच जंगल जाळतात!" असं कुणीतरी म्हणणारच. त्यावर पंथातल्या माणसाचं उत्तर तयार ठेवा: आम्ही उसनं घेतो आणि पंधरा वर्षांत फेडतो, तुम्ही कधीच फेडत नाही.

युद्धाचं कारण इथेच आहे. नदीकाठच्या सपाट जमिनी दोघांनाही हव्यात. शहराने शेतीजोग्या ५०० चौ. किमीतले २०० नांगराखाली घेतले, की कुटुंबामागे ७.७ हेक्टर उरतात आणि पडीकाची वर्षं १५ वरून आठवर येतात. ३०० घेतले की पाचाच्याही खाली. पडीक कमी झालं की झाडोरा पुरेसा वाढत नाही, झाडोरा नाही तर राख कमी, राख कमी तर पीक कमी आणि तण दुप्पट. दुसऱ्या वर्षीचं पीक तर बहुतेक तणातच जातं. शहरवाल्यांना मात्र वाटतं की आपण फक्त रिकामी, झुडपी जमीन घेतली. कुणाचाही दुष्टपणा न दाखवता दोन्ही बाजू पटतील असं हे भांडण आहे.

आणखी एक. ही शेती वेळेवर चालते. कोरडा हंगाम लागताच तोड, मग काही आठवडे वाळवण, आणि पहिल्या पावसाच्या जरा आधी जाळणं. पाऊस लवकर आला तर ओलं लाकूड धुमसतं, राख मिळत नाही आणि वर्ष हातचं जातं. म्हणून या पंथाची फौज तोडीपासून पेरणीपर्यंत घरी असते. शहराच्या सेनापतीला हे कळलं, तर तो नेमका तेव्हाच चढाई करेल. त्याला फक्त जाळण्याचे आठ दिवस चुकवून दाखवायचे आहेत.

---

कोळसाभट्टी:

वरचं गणित पटलं. शहराच्या बाजूने थोडी भर घालतो, कारण या जातीच्या कथांत सगळा दोष लोहाराच्या भट्टीवर जातो आणि तो आकड्यात बसत नाही.

२०,००० माणसांच्या चुलींना माणशी वर्षाला एक टन लाकूड धरा: २०,००० टन. शहर वर्षाला १०० टन लोखंड करतं असं धरलं तर किलोमागे साधारण १२ किलो कोळसा, आणि एक किलो कोळशाला मातीच्या ढिगाऱ्यात सहाएक किलो वाळलेलं लाकूड. म्हणजे ७,२०० टन. चूल भट्टीच्या जवळजवळ तिप्पट खाते. आणि हे सगळं लाकूड मिळून २७,२०० टन. बुंधा जमिनीलगत तोडला की खुंटाला फुटवे येतात. असं राखलेलं रान हेक्टरी चार टन देत राहिलं तर ६८ चौ. किमीत शहराचं भागतं. तुमच्या जंगलाचे साडेतीन टक्के.

मग जंगल जातं कशाने? शेळ्यांनी. तोडलेल्या रानात शेळ्या-गुरं सोडली की कोवळे फुटवे खाल्ले जातात, खुंट मरतो आणि पाच-सात वर्षांत तिथे कुरण होतं. कुरणाच्या मागून नांगर येतो. तेव्हा खरा जाणकार मूळव्रती लाकूडतोड्याला सोडून देईल आणि धनगराचा कळप वळवून नेईल. खेळाडूंना हे सुरुवातीला विचित्र वाटेल. कारण कळलं की पंथाबद्दलचा आदर एकदम वाढतो.

दुसरं कारण तुमच्या नकाशातच आहे: बंदर. जहाजाच्या फासळ्यांना आणि कोनांना नैसर्गिक वाकलेलं लाकूड लागतं, सरळ फळी कापून वाकडी केली तर रेषा तुटतात आणि ताण पडला की तिथेच फाटते. असं वाकडं लाकूड दाट रानात मिळत नाही, तिथे झाडं उजेडासाठी सरळसोट वर जातात. मोकळ्यावर एकटा वाढलेला, शंभरावर वर्षांचा, चहूकडे फांद्या पसरलेला ओक लागतो. पूजेच्या पटांगणात मधोमध उभं असलेलं झाड बरोबर असंच असतं. जहाजबांधणीचा अधिकारी देवराईत सूत घेऊन फांद्यांचा कोन मोजतोय, हा प्रसंग पहिल्याच सेशनला टाका.

घातपाताबद्दल. कोळशाच्या भट्टीवर हल्ला करायला फौज लागत नाही. लाकडं रचून वर पाला आणि माती लिंपतात, आत हवा कोंडून कित्येक दिवस धुमसू देतात. सुरुवातीला पांढरा दाट धूर निघतो, ती वाफ. धूर पातळ आणि निळसर झाला की कोळसा तयार होत आला. एवढे दिवस रात्रंदिवस पहारा असतो, कारण लिंपणाला भेग पडली तर हवा शिरते आणि कोळशाची राख होते. मूळव्रती पोराने रात्री टोकदार काठीने वाऱ्याच्या बाजूला चार भोकं पाडली आणि पहारेकऱ्याला ती उशिरा दिसली, तर आठवड्याची मेहनत गेली. रक्ताचा थेंब नाही, आणि दोष झोपलेल्या पहारेकऱ्यावर. कोळसा लांब वाहून नेला तर चुरा होतो, म्हणून भट्ट्या जंगलाला लागूनच असतात. म्हणजे पंथाच्या हाताशी. जळाऊ लाकूडही गाडीने परवडत नाही, नदीतून सोडतात. ओंडके अडवून बाहेर काढण्याची जागा एकच असेल, तिच्यावरचा दोर कापला की हिवाळ्याचं सरपण समुद्रात.

---

चकमक:

धातूबंदीविषयी. बंदी ठेवाच, पण तिची किंमत पंथाला मोजायला लावा.

गारगोटीचं पातं धारेला उत्तम असतं. दगड हळूहळू २००–३०० अंशांपर्यंत तापवून, हळूच थंड केला तर तो जास्त गुळगुळीत फुटतो. घाईने तापवला तर बशीसारखी छिलकी उडतात आणि माल वाया जातो. आधी शिंगाच्या हातोड्याने आकार, मग शिंगाच्याच टोकाने दाबून काठ. बाणाला टोक बसवायचं डिंक आणि कोळशाच्या भुकटीने, वरून जनावराच्या कंडरेच्या धाग्याने आवळायचं. हा धागा ओला झाला की ढिला पडतो. धनुष्याची दोरीही कंडरेची किंवा आतड्याची असेल तर पावसात सैल होते. खाजकुइरीसारख्या अंगाला डसणाऱ्या नेटल झुडपाच्या सालीचा धागा काढला तर पावसात टिकतो. ही माहिती एखाद्या खेळाडूने निरीक्षणातून मिळवली तर तिचा उपयोग व्हायला हवा.

दगडी टोक साखळी चिलखतावर आपटून फुटतं. म्हणून मूळव्रती चिलखतवाल्यावर बाण वाया घालवत नाहीत. घोडे, वल्हवणारे, सामानाचे बैल हे त्यांचं लक्ष्य. मोठी झाडं दगडी कुऱ्हाडीने पाडायला पोलादापेक्षा कित्येक पट वेळ लागतो, म्हणून शेतासाठी ते बुंध्याभोवती सालीचं कडं काढतात, झाड उभ्या उभ्या वाळतं आणि मग पेटवतात.

मीठ मात्र त्यांना गाठेल. मांसावर जगणाऱ्याला मांसातूनच पुरतं, पण रानमोजणी यांच्या हिशोबाने हे लोक धान्य खाणारे झाले. वनस्पती जाळून, राखेतून पाणी गाळून, आटवून क्षार काढता येतात, पण ते बहुतेक पोटॅशियमचे, चवीला कडवट आणि मांस टिकवायला मिठाइतके उपयोगी नाहीत. मीठ समुद्राकडे, म्हणजे शहराकडे. तेव्हा कुठेतरी चोरून व्यापार चालतोच: मध, मेण, कातडी, औषधी मुळ्या जातात, मीठ येतं. हा व्यवहार करणारी माणसं पंथात अस्पृश्य नसावीत, पण त्यांच्याशी कुणी डोळे मिळवून बोलत नसावं. शहराने मिठाचा रस्ता बंद केला की दोन महिन्यांत पंथात फूट दिसू द्या.

फुटीसाठी प्रश्न तयारच आहे. धातू निषिद्ध का? *वितळवताना* जंगल जळतं म्हणून, की धातूच अपवित्र म्हणून? पहिलं कारण मानणाऱ्यांना सापडलेला खिळा, घोड्याची नाल, लढाईत पडलेली तलवार वापरायला हरकत नाही. झाड तर आधीच जळलं. दुसरं मानणारे ती तलवार दलदलीत टाकतील. दोन्ही मतांचे लोक एकाच छापामारीत पाठवा आणि वाटेत भाला-तलवारींनी भरलेली गाडी सापडू द्या.

खेळाच्या नियमांतही हेच आहे. २०१४ च्या पुस्तकात ड्रुइड, म्हणजे निसर्गाचे मंत्र टाकणारे पुजारी, धातूचं चिलखत किंवा ढाल अंगावर घेत नाहीत, पण विळा आणि सिमिटर (वाकडी तलवार) त्यांच्या शस्त्रांत आहेत. अंगावर घालणं आणि हातात धरणं यातला फरक तुमच्या पंथाने स्पष्ट केला पाहिजे.

---

बांडगूळ:

लेखनबंदी आहे तशी चालणार नाही. जरा नेमकी करा.

खऱ्या ड्रुइडांबद्दल, म्हणजे प्राचीन केल्टिक पुरोहितांबद्दल, रोमन सेनापती सीझर लिहितो की काही जण वीस वर्षं शिकत, सगळं तोंडपाठ; धर्मविद्या लिहिणं ते योग्य मानत नसत, पण बाकीच्या व्यवहाराला ग्रीक अक्षरं वापरत. बंदी पवित्र विद्येपुरती होती. तुमच्या पंथालाही तेवढीच द्या, आणि व्यवहाराला खाचा पाडलेली काठी द्या. करार झाला की काठीवर आडव्या खाचा पाडायच्या आणि ती उभी चिरायची, अर्धी यांच्याकडे, अर्धी त्यांच्याकडे. दोन्ही तुकडे जुळले तरच करार खरा. फसवायला कठीण. आता शहराच्या दफ्तरात जमिनीची सनद आहे आणि पंथाकडे अर्धी काठी आहे. शहराकडची अर्धी कुणीतरी जाळली. न्यायाधीश काठी मानायला तयार नाही. एक अख्खं सेशन यात जातं.

पाठांतराची किंमतही मोठी. वीस वर्षांची विद्या एका म्हाताऱ्यात साठलेली, तो मेला की गेली. कुठल्या रानाची किती वर्षं झाली, कुठला झरा कधी आटतो, हे सगळं त्याच्या ओव्यांत. इ.स. ६० किंवा ६१ मध्ये रोमन सेनापती सुएटोनियस पॉलिनस ड्रुइडांच्या मोना बेटावर (आजचं वेल्समधलं अँगलसी) उतरला आणि तिथल्या देवराया तोडल्या, असं रोमन इतिहासकार टॅसिटस सांगतो. तुमच्या शहराच्या सेनापतीने लढवय्यांऐवजी पाठ असलेली माणसं मारायला सुरुवात केली, तर पंथ दोन पिढ्यांत कोरा होतो.

पवित्र झाड तोडलं तर काय होतं? हे कॅम्पेन सुरू व्हायच्या आधी ठरवा. ख्रिस्ती धर्मप्रचारक बोनिफेसने आठव्या शतकात जर्मनीतल्या गाइस्मारचा पवित्र ओक तोडला, त्याला काहीच झालं नाही, आणि त्याच्या चरित्रानुसार बघणाऱ्यांची श्रद्धा तिथेच ढळली. ७७२ मध्ये फ्रँकांचा राजा शार्लमेनने सॅक्सन लोकांचा इर्मिनसूल हा पवित्र खांब पाडला, तरी युद्ध पुढे कित्येक वर्षं चाललं. दोन्ही वाटा खुल्या आहेत. पण झाड तोडल्यावर खरोखर काही भयंकर होत असेल, तर शहराला ते ठाऊक असेल आणि ते हत्यार म्हणून वापरायचा मोह कुणाला तरी होईल.

युद्धाबद्दल एवढंच: जंगलातली फौज जिंकू शकते, एकत्र राहू शकत नाही. इ.स. ९ मध्ये जर्मनीतल्या ट्यूटोबर्गच्या रानात दलदल आणि झाडी यांच्यामधल्या वाटेवर रोमन सेनापती वारुसची लांबलचक रांग गाठून तीन लीजन (रोमन सैन्याच्या मोठ्या पलटणी) संपवली गेली. ती रचना करणारा जर्मन सरदार आर्मिनियस स्वतः रोमन सैन्यात वाढलेला होता, शत्रूची कूच कशी चालते हे त्याला आतून माहीत होतं. इ.स. २१ मध्ये त्याला त्याच्याच नातेवाइकांनी मारलं. मूळव्रतींचा सेनानीही शहरात काही वर्षं काढलेला ठेवा. आणि विजयानंतरचा आठवडा हा त्याच्यासाठी सगळ्यात धोक्याचा ठेवा. ४,९०० माणसं दिवसाला जवळजवळ चार टन धान्य खातात, पंधरा-अठरा दिवसांनी पाठीवरचं संपतं, आणि घरी तोडीचा हंगाम वाट बघतोय.

---

फासेवाला:

जहाजाच्या फासळ्या आणि अर्धी काठी, दोन्ही घेतलं. शिकारी नको, फिरती शेतीच. एक शंका राहिली. ड्रुइडांकडे पोट भरणारा गुडबेरी मंत्र आहे, पीक वाढवणारा प्लांट ग्रोथ आहे. मग पडीकाचं हे सगळं गणित कोसळत नाही का?

---

रानमोजणी:

गुडबेरीने नाही, प्लांट ग्रोथने कोसळतं.

गुडबेरी पहिल्या पातळीचा. एका वेळी दहा फळं, एका फळात एका माणसाचं दिवसाचं पोट, २४ तासांनी फळं निकामी. तिसऱ्या पातळीच्या ड्रुइडकडे पहिल्या पातळीचे चार स्लॉट (त्या पातळीचे मंत्र दिवसाला चार वेळा टाकता येतात), म्हणजे ४० माणसं. पण मग त्या दिवशी त्याच्याकडे त्या पातळीचं दुसरं काहीच उरत नाही. असे शंभर ड्रुइड कुठल्याच खोऱ्यात नसतात. दहा असले तर ४०० जणांची तुकडी धान्याशिवाय फिरते. ती तुकडी पंथाची सगळ्यात धोकादायक तुकडी, कारण तिला हंगाम अडवत नाही. हे राहू द्या.

प्लांट ग्रोथ आठ तास लावून टाकला तर अर्ध्या मैलाच्या त्रिज्येत वर्षभर दुप्पट पीक. हे वर्तुळ दोन चौ. किमीचं. ५०० चौ. किमीला २५० वेळा टाकावा लागेल. तीन ड्रुइडांनी रोज एकदा टाकला तर ८४ दिवस, वर्तुळं एकमेकांवर चढतात म्हणून थोडे जास्तच. तिसऱ्या पातळीचा मंत्र टाकायला ड्रुइड पाचव्या पातळीचा लागतो, म्हणजे असे तीन ड्रुइड असले की पंथाला जमीन निम्मीच पुरते आणि युद्धाचं कारणच जातं. म्हणून खोऱ्यात असा ड्रुइड एकच ठेवा. त्याने ८५ दिवस घालवले तरी १७० चौ. किमीच होतात. कुठल्या कुळाची रानं आधी, हे ठरवताना पंथात भांडण.

---

कोळसाभट्टी:

आणि तो मंत्र नांगरटीलाही तेवढाच लागू होतो. शहराभोवतीच्या शेतांत एका वर्तुळात २०० हेक्टर गहू दुप्पट होत असेल, तर शहर त्या एका ड्रुइडला वाटेल ते द्यायला तयार असेल: मिठाचा रस्ता, देवरायांची हमी, शेळ्यांना बंदी. शहराचं पीक दुप्पट झालं तर नव्या जमिनीची गरज निम्मी, म्हणजे पंथाचाही फायदा. पण त्याने नांगराला आशीर्वाद दिला असं होईल, आणि आठ तास तो एकाच जागी बसलेला असेल, कुणी कुठून बाण मारायचा ते ठरवून. खेळाडूंना त्याच्या पहाऱ्यावर नेमा. मारायला येणारे दोन्हीकडचे असू द्यात.

---

चकमक:

पहारा असेल तर बाण मारणाऱ्यांना पाऊस द्या, आणि त्यांच्या दोऱ्या कुठल्या धाग्याच्या आहेत ते आधीच लिहून ठेवा.